वळायला जागा

२ फेब्रुवारी
सभेत माझ्याने बोलवले नसते. नेहमीप्रमाणे भाषण लिहिले मी, बोलल्या शेजारच्या गृहसंकुलातल्या अनघाताई. कोलशेतला बस मंजूर! अडचण एकच, बसला वळायला जागा नाही. आमच्या गावदेवीचे मैदान मिळेल का, असे ताईंनी विचारले. "तू सांग गं. तुझं ऐकतील ते."

५ फेब्रु.
मैदान नि गावदेवीचा उत्सव, सगळे बाळूकाकांच्या हाती, म्हणून त्यांच्याकडे गेले. वाक्ये जुळवून नेली होती, निम्मी विसरले. बस मैदानात वळेल, थांबाही तिथेच होईल, आईला मासळीची पाटी घेऊन हमरस्त्यापर्यंत चालावे लागणार नाही, एवढे सांगितले. काका हसले. "शाळंत पयली येनारी पोर खोटं कशाला बोलंल?" मैदान दिले.

१ मार्च
बसला झेंडूचा हार, पुढे नारळ. पाटी घेऊन आई सर्वांत आधी चढली. वाहक म्हणाला, "मावशी, उतरा. इथून प्रवासी घ्यायचे नाहीत."
"मंग हितं येतं कशाला?"
"वळायला."
सगळे हसले, आईही. मग एकेक जण माझ्याकडे पाहू लागला.

२ मार्च
थांबा संकुलाच्या फाटकाच्या आत. मार्गाची तूट संकुल सोसणार, त्याची ही अट. अ.ताईंना सभेआधीपासून ठाऊक होते. "आधी बस सुरू तर होऊ दे. तुमचंही होईल हळूहळू." त्यांना 'ताई' म्हणवेना. तरी म्हटले.

९ मार्च
उत्सवाला महिना आहे, तरी गाव उद्याच मुहूर्तमेढ रोवणार, मैदानाच्या मधोमध. एकदा रोवलेली मेढ उत्सव उलटेपर्यंत कोणी हलवत नाही. बस वळणार कुठे?
दुपारी अ.ताईंचा फोन. मेढ कडेला घ्यायला सांग, बसच बंद झाली तर थांबा कशाचा मागाल? हे खरे आहे. त्यांच्या तोंडून आले म्हणून खोटे ठरत नाही, याचाच अधिक… फोन ठेवला.
संध्याकाळी काका दारात. मेढीला हळद लावायचा मान यंदा माझा म्हणे. "येशील ना गो?"
आई वाटीत हळद कालवत होती. तिने मान वर केली नाही.