वेलांटी ठिक आहे

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र काल पोहोचलं. जावईबापूंनी विचारलंय म्हणे, मांजरीचं नाव वेलांटी का? त्यांना सांग, एकाच घरात मराठीची बाई आणि पाट्या रंगवणारा माणूस राहत असतील तर मांजरीचं नाव दुसरं काय ठेवणार! शेपूट पाठीवर कमानीसारखं वळवून ती खोलीभर फिरते. एका बाजूनं पाहिलं तर पहिली वेलांटी, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर दुसरी. एकाच प्राण्यात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही राहतात हे त्यांच्या हिशेबी डोक्यात शिरेल की नाही, देव जाणे.

इकडे सगळं नेहमीसारखंच. सकाळी समोरच्या शाळेत चौथीचा वर्ग कविता म्हणायला लागला की मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसतो. आपल्या वेळी दोन वर्ग एकाच खोलीत भरायचे. तू पुढच्या बाकावर, मी मागच्या. माझी कविता मला येत नसे, तुझ्या वर्गाची मात्र पाठ. अजूनही पोरं एखाद्या ओळीला अडखळली की माझे ओठ आपोआप हलतात. परवा खालचे शिंपीबुवा वर पाहून म्हणाले की काका कुणाशी बोलताय. मी सांगितलं, गेलेल्या वर्षांशी. ते मान हलवून पुन्हा मशीनवर बसले.

तू जाताना तीन महिने म्हणाली होतीस, आता आठ झाले. नातवाला दात आले, ते पाहिलेस. आता मिशा फुटेपर्यंत थांबायचा विचार आहे का?

वेलांटी ठिक आहे. खाणंपिणं ठिक. पाणी जरा जास्त पिते, पण ते काही विशेष नाही. एकूण सगळं ठिक.

लोभ आहे तो पुढच्या टपालापर्यंत तरी टिकवावा.

तुझा दादा


१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. लगेच चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग लाल पेन काढलं.

दादा, तू तीन वेळा "ठिक" लिहिलं आहेस. तीनही वेळा पहिली वेलांटी. चाळीस वर्षं शिडीवर चढून तू दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, त्यात एका अक्षराची चूक कधी कुणी दाखवली नाही. कापडवाल्यानं स्वतः चुकीचं लिहून दिलं होतं, तेसुद्धा तू सुधारून रंगवलंस आणि वर त्याच्याशी भांडलास. असा माणूस "ठिक" लिहितो तेव्हा एकच अर्थ होतो.

आठवतं का, सातवीत असताना तू बाबांना चिठ्ठी लिहिली होतीस की मी दुपारभर शाळेतच होतो, तब्येत ठिक नव्हती म्हणून बाकावर पडून होतो. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि कुठल्या तळ्यावर गेला होतास एवढंच विचारलं. खोटं लिहायला लागलास की तुझी वेलांटी आखडते. लहानपणापासून.

तेव्हा मांजरीला काय झालंय ते सरळ लिही. आणि दीर्घ लिही.

फोन करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू कवितेनं भरून काढतोस.

नातू मजेत. काल त्यानं तुझ्या पत्राचा कोपरा खाल्ला. चव ठीक होती. (बघ, असं लिहितात.)

तुझी,
काळजीत आणि रागात निम्मी-निम्मी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पकडलंस. बाबा गेले तेव्हा मला वाटलं होतं की आता जगात मला वाचणारं कुणी उरलं नाही. चूक झाली.

तर खरं असं. महिनाभर ती वाटीमागून वाटी पाणी पीत होती आणि जेवणाकडे पाठ फिरवत होती. उचलली तर हाताला नुसती हाडं. शेवटी रंगाच्या डब्यांच्या खोक्याला भोकं पाडली, आत तुझी जुनी शाल घातली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेली. तिथे आमच्या आधी एक कोंबडी होती, खोकला झालेली, आणि एक वासराएवढा कुत्रा. वेलांटीनं भोकातून एक डोळा लावून त्याच्याकडे पाहिलं मात्र, तो मालकाच्या मागे जाऊन बसला. सतरा वर्षांची म्हातारी, पण दरारा बघ. अगदी तुझ्यासारखा.

डॉक्टरीणबाई तुझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या आहेत. रक्त तपासून म्हणाल्या की दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, ती आता बरी होणार नाहीत. आराम देता येईल, काही आठवडे मिळतील. कागदावर मालकाचं नाव विचारलं तेव्हा मी तुझं सांगितलं. मग तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मालकिणीचा भाऊ, मांजरीचा पोटभाडेकरू.

आता रोज सकाळी मानेवरची कातडी चिमटीत धरून तिला सुईनं सलाईन द्यायचं असतं. मला जमतं. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं की या वयात हात कसा थरथरत नाही. मी त्यांना सांगितलं की हातात ब्रश आहे असं समजतो. सुई टोचली की वेलांटी माझ्याकडे असं बघते, जणू मी निबंधाला मुद्दे सोडून भलतंच लिहिलंय.

तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. तू ये. कधी येतेस ते कळव. तू येईपर्यंत मी तिला धरून ठेवतो. माझ्यावर सोड.

आशीर्वाद आणि थोडी क्षमायाचना, दोन्ही एकाच पाकिटात.

दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रडले. मग कोंबडीच्या खोकल्यापाशी हसले. मग पुन्हा रडले. लेक म्हणाली की मामाची पत्रं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

सतरा वर्षांपूर्वी उत्तरपत्रिकांच्या कपाटात सापडली होती ती, सहावी ब च्या गठ्ठ्यावर. तीन उत्तरपत्रिका ओल्या केल्या होत्या. त्या तिघांनाही मी पास केलं. कुणाला आजतागायत माहीत नाही.

लेक एक तारखेपासून कामावर रुजू होते. पाळणाघर पंधरा मार्चला सुरू होतं. त्याआधी मला हलता येणार नाही. सोळाची गाडी मिळेल. पण दादा, तिला माझ्यासाठी ताटकळत ठेवू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतील तसं कर. मालकीण म्हणून माझी परवानगी या पत्रात लेखी दिली, असं समज.

आणि आता माझं. तुझं खोटं पकडून ऐटीत बसले होते, पण दोन रात्री झोप नाही. लेकीनं आतली खोली रंगवून घेतली आहे, माझ्यासाठी. खिडकीपाशी टेबल, भिंतीला फळ्या. इथेच राहा म्हणाली, आणि नोव्हेंबरात मी हो म्हणून बसले. तुला कळवायचं होतं. दर पत्रात लिहायला घेतलं आणि नातवाच्या दातांवर संपवलं. सोळाला येणार ते मांजरीला भेटायला आणि तुला हे तोंडावर सांगायला.

म्हणजे मीही खोटारडीच. फक्त माझं शुद्धलेखन चांगलं.

रागावलास तरी उत्तर लिही.

धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

वेलांटी काल सकाळी गेली. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे तुला ओळी गाळून शेवटाकडे धावायला नको.

तुझं खोलीचं मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये तू सुती साड्या मागवल्यास, ठीक. ऑक्टोबरात स्वेटर, तेही ठीक. डिसेंबरात जाडा शब्दकोश मागवलास. शब्दकोश मागवणारी बाई परत येत नसते, एवढं पाट्या रंगवणाऱ्यालाही कळतं. दर पार्सलागणिक कपाटाचा एक कप्पा रिकामा होत गेला. शेवटी तुझं असं घरात एकच उरलं. मांजर पार्सलानं मागवता येत नाही. ती आहे तोवर तुला यावं लागेल, असं मी मनात धरून बसलो होतो. म्हणून ती आजारी आहे हे लिहवेना. तुला काळजी नको वगैरे सगळं मागाहून सुचलेलं.

परवा ती पाण्यालाही उठली नाही. डॉक्टरीणबाई घरी आल्या, जमिनीवर बसल्या, तिला तपासलं. म्हणाल्या की सुया वाढवल्या तर ओढूनताणून सोळापर्यंत नेता येईल, पण ते तिच्यासाठी नसेल. मग कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. भल्या बाई आहेत. मी रात्रभराची सवलत मागितली आणि सकाळी त्यांना या म्हणून सांगितलं.

खिडकीत ऊन आलं होतं. ती माझ्या मांडीवर होती, डॉक्टरीणबाई शेजारी बसून शेवटची सुई भरत होत्या. समोर चौथीचा वर्ग सुरू झाला तसा मीही हळू आवाजात तुझ्या वर्गाची ती होडीची कविता म्हणायला लागलो. तिसरं कडवं आठवेना, तेव्हा पदरची एक ओळ घातली. तिनं कान हलवला. तुझीच मांजर, चूक लगेच कळते. चौथ्या कडव्यापर्यंत सगळं संपलं होतं. मी कविता पुरी केली. अर्धी कविता कुणाला म्हणून दाखवू नये.

शिंपीबुवांनी मऊ अस्तराचं कापड दिलं आणि मागच्या झाडाखाली माझ्याबरोबर खड्डा खणला. मी लहानशी पाटी रंगवली. नावाआधी "कै." घालायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिनं जन्मात कुणाला "श्री." म्हणून मान दिला नाही, तिला उपाध्या नकोत. ते इतके हसले की डोळे पुसायला अस्तराचाच तुकडा घेतला. मीही घेतला.

आता तुला सोळाची गाडी पकडायची सक्ती नाही. नव्या खोलीत सुखानं राहा. मी रागावलेलो नाही. मी ठीक आहे. वेलांटी दोनदा तपासली, तीही बरोबर आहे.

जिथे असशील तिथे आशीर्वाद पोहोचतीलच.

दादा


८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

"ठीक" बरोबर आहे. पण ते दोनदा तपासून लिहावं लागलं, म्हणजे खोटंच आहे. शून्य गुण.

तुझं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं. होडीच्या कवितेपाशी मी पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिनं वाचलं. वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली की आई, तू इथे नऊ महिने आहेस आणि लाल पेन फक्त मामाच्या पत्राला काढतेस. खरं आहे. इथे कुणी चुकतच नाही, कारण कुणी काही लिहीतच नाही. सगळे फोनवर अंगठा दाखवतात.

तेव्हा ठरलं ते असं. मी सोळाला येते आणि राहते. मांजरीसाठी नाही, ती तर गेली. वर्षातून दोन महिने नातवाकडे येईन, त्या वेळी तूही माझ्याबरोबर यायचंस. रंगवलेली खोली दोघांना पुरते. जावईबापूंचा तिथे व्यायामाची सायकल ठेवायचा बेत होता. तो बारगळून पायडल मारणं टळल्याचं त्यांना सर्वांत जास्त समाधान आहे.

कपाटातले माझे कप्पे रिकामे करून ठेव. तू त्यात रंगाचे डबे भरले असशील, मला ठाऊक आहे.

भेटीअंती बोलूच, भांडूच.

धाकटी


२ एप्रिल

चि. भाचीस,
अ. आ. वि. वि.

तुझी आई सुखरूप पोहोचली, हे तिनं कळवलंच असेल. त्याला दोन आठवडे झाले आणि अजून ती घर तपासते आहे. रंगाचे डबे कपाटातून जिन्यात गेले. माझा चहा पाणचट ठरला. समोरच्या शाळेत पोरं कवितेत एक शब्द चुकीचा म्हणतात, असं तिचं म्हणणं. काल ती रस्ता ओलांडून त्यांच्या बाईंना सांगून आली. आता वर्ग तिला घाबरून हळू आवाजात म्हणतो आणि माझी सकाळची करमणूक बुडाली. तक्रार कुणाकडे करू? तुझ्याकडे करतो.

झाडाखालची पाटी तिनं पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. अक्षर सुबक आलंय म्हणाली. एवढ्या आयुष्यात माझ्या कामाला तिनं दिलेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

एक गंमत मात्र तुला सांगायची राहिली. वेलांटी जेवणाच्या टेबलाखाली झोपत असे, अगदी खुर्चीच्या पायाला लागून. शेपूट चिरडेल म्हणून सतरा वर्षं आम्ही आधी वाकून बघायचो आणि मग खुर्ची ओढायचो. आजही दोघं जेवायला आलो, दोन बाजूंनी खाली वाकलो, आणि टेबलाखाली आमची नजरानजर झाली. ती म्हणाली की कंबर दुखते, पण सवय मोडायची नाही. मी म्हटलं, कोण मोडतंय.

नातवाचा एक पापा घे आणि आमच्या दोघांचा म्हणून सांग.

तुझा मामा