सूचकाची सही

प्रिय पंचफुला,

तुझा अर्ज आणि बेसनाचे लाडू, दोन्ही पोचले. लाडू चांगले झालेत, हेही मला आवडलं नाही. महापौर होऊनही हिला लाडू वळायला वेळ मिळतो कसा, असंच मनात आलं.

अडीच वर्षांपूर्वी तुझ्या महापौरपदाच्या अर्जावर सूचक म्हणून मीच सही केली होती. तेव्हापासून जळते आहे. यंदाच्या दुष्काळात माझ्या वॉर्डात टँकर यावा म्हणून पंधरा दिवस महापालिकेत खेटे घातले मी, आणि तो आला तेव्हा केवळाबाई गल्लीभर सांगत सुटली, “पंचफुलाबाईनं टँकर धाडला गं, लई गुणाची बाई हाय.” मी तिथंच पाइप धरून उभी होते. साडी माझी भिजली, नाव तुझं झालं.

लातूरचा नवा जिल्हा झाला ते साल आठवतं? कलेक्टर आपल्या शाळेत यायचे होते आणि हार घालायला बाईंनी तुला निवडलं होतं. त्या सकाळी नळाच्या रांगेत घागर ठेवून तू वेणी घालायला घरी गेलीस. घागर रांगेत असली की माणूस असल्यासारखंच, मागची बाई ती पुढं सरकवत राहते. तुझ्या मागं मी होते. मी ती उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. तुझी आई आजारी, घरात थेंब नाही, तुला रांग सोडता आली नाही. हार मी घातला. तू धापा टाकत आलीस तेव्हा माझा फोटो निघत होता, आणि सगळ्यांत आधी टाळ्या तू वाजवल्यास. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. घागर कुणी हलवली, हे तू कधी विचारलंही नाहीस.

परवा विरोधी गटाचे सिद्रामप्पा घरी आले होते. त्यांची मतं माझ्यामागे उभी करायला ते तयार आहेत, आणि मी अपक्ष नगरसेविका, मला कुणाची आडकाठी नाही. उद्या मी तुझ्याविरुद्ध अर्ज भरणार आहे. लोकांपुढे पाण्यावर बोलेन, टाक्यांवर बोलेन. तुला खरं सांगते, मला तुझ्या खुर्चीत बसायचंय, एवढंच. तुझा अर्ज सही न करता सोबत परत पाठवते आहे. मुदत उद्या दुपारी संपते, तोवर दुसरा सूचक शोध. तेव्हा घागर तुझ्या माघारी हलवली होती, आता सांगून हलवते आहे. आणि मी निवडून आले, तर या वेळी टाळ्या वाजवू नकोस.

तुझीच,
सिंधु