चार्जरला हात लावायचा दिवस

रविवार, ८ फेब्रुवारी
मागच्या नोंदीत चूक आहे. ‘चार्जर बॅटरी बरोबर ८.४० व्होल्टला थांबवतो’ असं मी लिहिलं होतं. तसं फक्त चार्जर म्हणतो. आज रिमोटच्या गाड्यांच्या रेसआधी क्लबची तपासनीस बोदिलने मीटर लावलं, तर ८.४३. नियम फार तर ८.४० चा. बोदिल म्हणाली, आज सोडते पोरी, पुढच्या वेळी निकालच रद्द.
आपल्या विभागात मी तिसरी आहे. पहिले तिघं ओडेन्सला फायनलला जाणार.
चार्जरचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आलंय, त्यात नेमकी हीच चूक सुधारली आहे. उद्या टाकते. निर्णय पक्का.

सोमवार, ९ फेब्रुवारी
टाकलं नाही. वारा सुटलाय. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर चार्जर कायमचा मेला. बाबा म्हणाले, इथे वीज शेवटची गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस.
पण अक्षरं, पाढे, सोल्डरिंग, सगळं मला घरी याच बाबांनी शिकवलं. आणि हेही, की रेसच्या आठवड्यात चालत्या गाड्याला खीळ घालायची नाही. आमची रेस दर रविवारी असते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
क्लबमधल्या आस्गरचा फोन. त्याने म्हणे कॉफी पिता पिता अपडेट उरकलं. तू काय मुहूर्त काढतेयस?
नेटवर शंभरेक लोकांचं नीट झालंय. जर्मनीत एकाचा चार्जर मेला. अनुभवी माणूस तो एकच.

रविवार, १५ फेब्रुवारी
उपाय सापडला! चार्ज झाल्यावर गाडी स्टँडवर ठेवायची आणि चाकं मिनिटभर हवेत पळवायची. मीटरवर ८.३९. अपडेटची गरजच उरली नाही. आस्गर म्हणाला, काय गं, गाडीला कुत्र्यासारखं शू करवून आणतेस? हसू दे.

रविवार, १ मार्च
८.३६. हात बसतोय. सरळ पट्ट्यात गाडी जरा मंद. टायर असणार.

रविवार, २२ मार्च
हॉलमधली शेवटची रेस. दुसऱ्या फेरीत आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ.
आपली फेरी झाली की पुढच्या गटाच्या फेरीला ट्रॅकच्या कोपऱ्यावर उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, हा नियम. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये तिसऱ्या फेरीची बॅटरी उतरवत होते. लाऊडस्पीकरवर माझं नाव पुकारलं, पण चाकांच्या आवाजात ऐकूच आलं नाही. शिक्षा म्हणून सगळ्यात चांगली फेरी बाद. मी चौथी.
बोदिल म्हणाली, व्होल्ट चोख होते गं तुझे, पण तू कुठे होतीस?
घरी येताना बाबा बराच वेळ खाकरत होते. मग म्हणाले, अगं, ते फर्मवेअर मी फेब्रुवारीतच टाकलं, तू आंघोळीला गेलेलीस तेव्हा. सांगितलं असतं तर झोपली नसतीस.
म्हणजे मी महिनाभर बरोबर भरलेल्या बॅटऱ्या रिकाम्या करत होते.

सोमवार, २३ मार्च
बाबांवर राग नाही. त्यांनी घाई केली, नशिबाने निभावलं. आता त्याहून नवी आवृत्ती आली आहे. ती मीच टाकणार, नीट विचार करून.
ईस्टरला दुकानं बंद, चार्जर मेला तर दुसरा कुठून आणणार? त्यानंतर मैदानावरच्या रेसेस, दर रविवारी, थेट ऑक्टोबरपर्यंत.
ठरलं. मंगळवार, १३ ऑक्टोबर. वारा नसेल तर.