बाहुलीचे दात

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजच्या दवाखान्यात पुन्हा तेच. पिंपळनेरची चार वर्षांची मुलगी, खालच्या दोन दाढा किडून पोकळ, हिरडी सुजलेली. शिकवलंय तसंच केलं. आधी मुलाला सांगायचं, मग बाहुलीवर करून दाखवायचं, मगच तोंडात हात घालायचा. कापडी बाहुलीला प्लॅस्टिकचे पांढरेशुभ्र दात आहेत. त्यांवरून आरसा फिरवला आणि म्हटलं, हिला केलं तेच तुला करणार. मुलगी हसली. मला वाटलं, जमलं.

मग तिच्या आजोबांना समजावलं. सूज उतरली की मुळं साफ करू, वर टोपी बसवू, दाढा वाचतील, पण चार-पाचदा यावं लागेल. पण सध्या वेचणीचे दिवस. ते शांतपणे म्हणाले, "ताई, परत येवानं जमाव नही, कापूस येचाना शे. काढी टाका. दुधना दात शेत, नवा येतीन."

येतील, पण दहाव्या वर्षी. तोवर ती भाकरी कशानं चावणार? आमच्या सरांना विचारलं, न काढता चालेल का, तर म्हणाले, "मग दुखत्या दाढा घेऊन घरी पाठवतेस का?"

काढल्या. लहान मुलांचे दात वाचवायचं शिकायला इथं आले, आणि हात बसलाय तो काढण्यावर. कोणासाठी शिकतेय मी हे सगळं?

रडून थकल्यावर तिनं बाहुली ओढून घेतली. माझ्याकडे बघतच नव्हती. तोंडात कापसाचा बोळा होता, तरी बाहुलीच्या दातांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हिना दात कधी काढशात?"