डाव्या हातानं वाढलेली भाकरी

आत्याबाई,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहितात ते मला माहीत आहे, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीच्या पुढं कुणी जाऊ दिलं नाही, तेव्हा आपल्या सासूसुनांत तो थाट कशाला. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. दुपार आहे. मागच्या गल्लीतले माग खटाखट चालू आहेत, सूनबाई खानावळीत भाकऱ्या पोचवायला गेली आहे. मी उजव्या हातानं लिहिते आहे, तुम्हीच सवय लावलेल्या. चार ओळी झाल्या की काखेत ओढ लागते, मग थांबते. थांबलं की डावा ठणकायला लागतो. म्हणजे एकाला विसावा दिला की दुसरा रडतो, जावाजावांसारखं.

तुम्हाला जे झालं होतं तेच मला झालं. तुमच्या वेळी त्याला नाव नव्हतं, हातात वारं भरलं म्हणायचो. माझ्या वेळी त्याची जाड फाईल आहे. छातीचा कॅन्सर. उजवीकडची गाठ काढली, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि आता तीन-तीन आठवड्यांनी केमो असते, म्हणजे हाताच्या शिरेत सुई घालून बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडतात. एकूण आठ वेळा. केस गेले. त्याचं मला काही वाटलं नाही, वेणीफणीचा वेळ वाचला. तोंडाची चव गेली, तीही परत येते म्हणतात. वाईट वाटलं ते हाताचं, आणि त्यासाठीच तुम्हाला लिहायला बसले.

पहिल्या वेळी खुर्चीत बसले आणि उजवा हात पुढं केला. नर्स वैरागकडची आहे, वयानं माझ्या नातीएवढी आणि बोलायला माझ्यासारखी. म्हणाली, "आजी, ह्यो न्हाई, दुसरा. ह्या काखेतल्या गाठी काढल्यात. ह्या हाताला आता सुई न्हाई, बीपीचा पट्टा न्हाई, कायच न्हाई." मी म्हटलं, "डाव्या हातानं आमच्यात काय घेत न्हाईत बाई. औषध म्हंजे देवाचा प्रसादच की." ती म्हणाली, "मग देवालाच इचारा, गाठ डावीकडं का दिली न्हाईस म्हणून." शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका हसल्या, बाटल्या लावलेल्या तशाच. मीही हसले. पण डावा हात पुढं करताना, आत्याबाई, तुमची आठवण झाली, आणि ती काही गोड आठवण नव्हती.

मी जन्माची डावरी. लग्न होऊन आठ दिवस झाले नव्हते, पंगतीत मी डाव्या हातानं चटणी वाढली. तुम्ही दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बोलावलंत, माझ्याच पदराच्या टोकानं माझा डावा हात कमरेला करकचून बांधलात आणि म्हणालात, "आता वाड." महिनाभर रोज. एका हातानं भाकरी वाढते आहे, आमटी वाढते आहे, पदर घसरतो तर सावरायला हात नाही, आणि दीर तोंडावर हात धरून हसतो आहे. भाकरी थापतानाही डावा हात फक्त कडेला, फिरवायला, थाप उजव्याची. आपल्या घरची कडक भाकरी कागदासारखी पातळ असायची, सगळ्या गल्लीत तुमच्या भाकरीचं नाव होतं, आणि डाव्या हाताच्या थापेनं ते नाव जाईल असं तुम्हाला वाटायचं. मी शिकले. चांगली शिकले. पण मनात गाठ मारून ठेवली. ती मात्र कुठल्याच डॉक्टरला सापडली नसती.

तर ही नर्स दरवेळी मला बजावायची. सुई घालायच्या आधी हात कोमट पाण्यात धरा, म्हणजे शीर वर येते. पाणी भरपूर प्या. घरी मऊ चेंडू दाबत जा. आणि औषध जाताना हाताला जरा जरी आग झाली, टोचलं, दुखलं, तर लगेच सांगा. बाकी सगळं मी ऐकलं. चेंडूसुद्धा दाबला, नातवंडांचा फाटका. एवढं शेवटचं तेवढं ऐकलं नाही. दुसऱ्या वेळेनंतर मनगटापासून वर एक काळपट रेघ उठली. तिसऱ्या वेळेनंतर ती शीर सुतळीसारखी कडक झाली, बोट लावलं की कोपरापर्यंत कळ. चौथ्या वेळी बाटलीतलं लाल औषध जायला लागलं आणि चुलीतलं जळकं लाकूड शिरेवर ठेवल्यासारखं झालं. नर्स विचारते, "आजी, बरं हाय ना?" मी म्हणते, "हाय की." शेजारची बाई मोबाईलवर कीर्तन ऐकते आहे आणि मी दात आवळून त्या बाटलीकडं बघते आहे, कधी संपते म्हणून.

का सांगितलं नाही, हे सुनेनं नंतर शंभरदा विचारलं. खरं सांगायचं तर भीती वाटली. दुखतंय म्हटलं तर मधेच बंद करतील, अर्ध्यावर सोडलेली म्हातारी होईन. आणि दुसरं असं की, बाईमाणसानं हाताचं दुखणं कुणाला सांगायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी फक्त तुम्हाला बघितलं होतं.

घरी आल्यावर झंपराची बाही त्या शिरेवर घासायची. मी गुपचूप बसून डाव्या बाहीची शिवण उसवली आणि वरून पदर घेतला. कुणाला कळलं नाही. म्हणजे मला वाटलं.

तुमची उजवी बाही, आत्याबाई. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. धुणं धुताना दिसलं की तुमच्या झंपराची उजवी बाही काखेपर्यंत उसवली आहे. मी नीटनेटकी सून. वाळल्यावर शिवून घडी घालून ठेवला. आठवड्यानं बघते तर पुन्हा उसवलेली. मी पुन्हा शिवली, ह्या वेळी दुहेरी दोरा घालून, आणि वर तुम्हाला ऐकवलं, "जरा जपून घाला की, रोज रोज कोण शिवत बसंल?" तुम्ही ती तिसऱ्यांदा उसवलीत, आणि तो झंपर मग माझ्याकडं धुवायला दिलाच नाहीत. त्या बाहीत तुमचा सुजलेला हात मावत नव्हता. मी तो दोनदा आत शिवून टाकला. आता ही शीर ठणकली की मला तो दुहेरी दोरा दिसतो.

तुमची विकायची भाकरीही बिघडली होती. एक कड जाड, एक कड पातळ. मी म्हणायची, "आत्याबाई, गिऱ्हाईक काय अर्धीच भाकरी खाणार व्हय?" तुम्ही म्हणायचात, "खाईल त्यो. दात हायेत त्याला." हात दाखवलात तेव्हा खूप पुढं गेलं होतं, आणि दाखवलात तो कोपराच्या खालचा. वरचा पदराखालीच. मी रुईची पानं तव्यावर गरम करून एरंडेल लावून बांधायची. चांगली कडकडीत. तुम्ही हूं का चूं केलं नाहीत. परवा माझ्या हाताला मी तसंच पान बांधायला काढलं तर सुनेनं हातातून ओढून घेतलं, म्हणाली, "डॉक्टरला इचारल्याबिगर कायबी शेकायचं न्हाई. कुठल्या औषधाला गरम चालतं, कुठल्याला थंड, ते त्यांला ठावं." खरं आहे तिचं. मला मात्र तुमच्या कातडीवर उठलेले फोड आठवले. मी म्हटलं होतं, गुण येतोय.

आणि तो दिवस, हात दाखवायच्या आधीचा. नणंदेला बघायला अक्कलकोटकडचे पाहुणे आले होते, आपसात कानडी बोलणारे. आपल्या घरची रीत, मोठ्या पाहुण्याला पहिली भाकरी सासूनं स्वतः वाढायची. मी तव्यावर आहे, तुम्ही भाकरी उचलता, पाहुण्यापाशी जाता, वाकता, आणि डाव्या हातानं ताटात ठेवता. मी बघितलं. आठ वर्षं मी त्याच एका चुकीची वाट बघत होते, हे मला त्याच घटकेला कळलं. उठले, सगळ्यांसमोर ती भाकरी ताटातून उचलली आणि म्हणाले, "ही ऱ्हाऊ द्या पाव्हणं, ही गाईला जाईल." मग तुमच्याकडं बघून, "आत्याबाई, डावा हात! माझा तर कमरेला बांधत व्हता की." दीर हसला नाही त्या दिवशी. तुम्ही उजवा हात उचलायला गेलात, तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तुम्ही पदर सारखा केल्यासारखं केलं. "चुकलं बाई," म्हणालात. आठ वर्षांत तो शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला नव्हता. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग तुम्ही पाहुण्यांना कानडीत काहीतरी बोललात, ते हसले, बोलणी पुढं गेली, लग्नही जमलं. काय बोललात ते मला कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही कुणालाच वाढलं नाहीत. चुलीपाशी बसून डाव्या हातानं जळण सारायचात. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर तुमच्या लेकाला बाहेर घेऊन गेले आणि लगेच परत आले. सांगण्यासारखं फार उरलंच नव्हतं. शेवटच्या दिवसांत खाटेवरून माझ्या थापण्याकडं बघत असायचात. एकदा म्हणालात, "डाव्यानं थाप." मी म्हटलं, "काय?" म्हणालात, "तुझा हात तिकडचा हाय. कुणी बघत न्हाई आता. डाव्यानं थाप." तुम्ही काहीतरी परत देत होता, हे आज कळतंय. मी म्हटलं, "आता लागली की सवय उजव्याची. झोपा तुमी." आणि थापत राहिले, जरा जोरानंच.

तर माझी बाही. गेल्या आठवड्यात सुनेला धुण्यात झंपर सापडला. ती आली, ओली बाही तशीच हातात धरून. मी म्हटलं, आता ही शिवते म्हणंल. ती म्हणाली, "आत्याबाई, ही फाटली न्हाई. ही उसवलीया. हात बघू." मी म्हटलं, "काय न्हाई, जुना झालाय." ती म्हणाली, "हात बघू म्हणलं ना." दाखवला. ती खाली बसली. मग जी सुटली! "दिवसभर तोंड चालतंय तुमचं, दूधवाल्यापासनं पंतप्रधानापतोर कुणाला सोडत न्हाई, आन दुखतंय एवढं म्हणायला तोंड शिवलंतं व्हय?" मी पहिल्यांदाच उलट बोलले नाही. तिची जीभ माझ्याहून तिखट आहे, पण डोळा चांगला आहे. माझ्याकडं जीभच होती फक्त.

परवा पाचवी वेळ होती. सून बरोबर आली, पण आत सोडत नाहीत, दाराच्या काचेतून बघत उभी. नर्सनं हात कोमट पाण्यात धरला, वर एक बरी शीर शोधली, सुई घातली. आधी नुसतं पाणी सोडून बघितलं आणि तेवढ्यानंच आग सुरू झाली. ती म्हणाली, "आजी, बरं हाय ना?" माझ्या तोंडात "हाय की" आलं होतं, अगदी ओठापर्यंत. मी म्हटलं, "न्हाई. दुखतंय. मागच्या बारीलाबी दुखत व्हतं, त्याच्या मागच्याबी." तिनं ताबडतोब बंद केलं, सुई काढली. ओरडली माझ्यावर. "हे औषध शिरेच्या भाईर सांडलं तर आतनं मांस जाळतं, माहिताय का? नशीब म्हणा." डॉक्टर आले, हात दाबून बघितला. ह्या शिरांना आता विश्रांती म्हणाले. डाव्या बाजूला गळ्याच्या खाली कातडीच्या आत एक डबी बसवणार, पुढची औषधं तिच्यातून जातील. बंद काही करणार नाहीत. थोडे दिवस मागं पडेल, एवढंच. ज्याला मी दोन महिने भ्यायले ते असं दोन मिनिटांत मिटलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी त्या खुर्चीत बसून तुमचा राग करत होते, की तुम्ही का बोलला नाहीत. आणि मग आठवलं, तुम्ही तीन वेळा बाही उसवलीत. तुम्ही तुमच्या परीनं बोललाच होता. ऐकणारी मी होते.

काठवट तुमचीच आहे अजून. मला आता उचलवत नाही, सून वापरते. नात डावरी निघाली. तिला कुणी काही म्हणत नाही. तिच्या भाकरीची कडही जाडच होते, पण ती नुसती आळशी आहे, मी हात तपासून बघितला.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि वाचून दाखवायला कुणाला सांगायची मला लाज वाटते. वही तशीच रद्दीत जाईल. जाऊ दे. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशीची भाकरी मी गाईला घातली नव्हती. पाहुणे गेल्यावर, तुम्ही मागच्या दारी तोंड धूत होतात तेव्हा, चुलीमागं उभी राहून मीच ती खाल्ली, कोरडी. चांगली झाली होती. एक कड जाड होती, पण चांगली झाली होती.