कुलूप आणि ‘हे खरे नाही’

केडगाव, मंगळवार संध्याकाळ

विधानसभेच्या एका लेखी प्रश्नाने आज आमच्या आरोग्य कार्यालयात धांदल उडवली. ‘उपकेंद्राला वर्षभर कुलूप आहे, हे खरे आहे काय?’ आणि उपकेंद्र नेमकं माझ्याच गावचं, पारनेरकडचं!

साहेब म्हणाले, “आत्ता उघडायला लावा, आणि उत्तर टाईप करा, ‘हे खरे नाही.’” माझा हात अडला. हे खोटं की नुसतं उशिरा खरं झालेलं? गंजलेलं कुलूप शेवटी दगडाने फोडलं म्हणे.

दुपारी गावाहून आईचा फोन. “नर्सबाई आल्यात, माझं बीपी बी बघितलं. ते कुलूप म्या घरी आणलंय. आता बंद केलं तर आमदाराला पुन्यांदा पत्र धाडीन.”

पुन्यांदा? म्हणजे पहिलं हिनेच धाडलं होतं!

उद्या साहेबांसमोर हसू कसं दाबू?