मशीनच्या खणातला बाळ येशू

४ जून

आजपासून संत अंतोनची नोव्हेना. नऊ दिवस, रोज संध्याकाळी, गुडघे टेकून प्रार्थना. आई म्हणाली, "घरी आहेस तोवर बस माझ्यासोबत." बसलो. ओठ हलवले नाहीत. हलवणारही नाही.

आमच्या घरातल्या अंतोनच्या पुतळ्याचे हात रिकामे आहेत. त्याच्या हातातला बाळ येशू शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या गर्दीत. बाबा टँकर घेऊन गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा आईनं काढून ठेवला आणि अंतोनला बजावलं: हरवलेलं शोधून देणारा ना तू? मग माझा माणूस आण आणि तुझं पोर ने. अकरा वर्षं झाली. दोघंही हटत नाहीत.

५ जून

संत बोनिफास. आई रोज सकाळी चर्चच्या कॅलेंडरवरचा संत वाचून दाखवते, माझा चहा गार होईस्तोवर. लोक ज्या झाडाला भ्यायचे ते यानं कुऱ्हाडीनं पाडलं. सगळे वीज कोसळायची वाट बघत उभे. काही कोसळलं नाही. हा माणूस पटला आपल्याला!

कुऱ्हाडीवरून आठवलं, मागच्या दाराची कडी निखळलीय. ती बसवत बसलो. मग पलीकडच्यांच्या दाराचीही बसवली. आई प्रार्थनेसाठी कानाला धरून घेऊन आली.

७ जून

खण उघडून बाळाला बाहेर काढलं. अंगठ्याएवढं प्लास्टर, नाकाचा रंग उडालेला. अंतोनच्या हातात ठेवणार, तेवढ्यात आई इस्त्री सोडून आली. चर्चमधल्या वेदीची कापडं धुऊन इस्त्री करते ती, त्यावरच आमचं घर चालतं.

"ठेव तिथे."

"आई, आता सोड त्याला."

"बाळाबद्दल बोलतोयस की बापाबद्दल?"

"दोघांबद्दल."

तोवर इस्त्रीखालचं कापड करपलं. खापर माझ्यावर.

८ जून

ओठ बंद. गुडघे दुखतात.

९ जून

करपलेलं कापड घेऊन फादरांकडे गेलो. कापडाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "संताला असं अडवून धरतात का रे? समजाव आईला." म्हटलं, तुम्हीच समजवा की, झगा तुमच्याकडे आहे. हसले. "समजावलं होतं. मला म्हणाली, फादर, तुमचं कोण गेलंय?"

त्यांनीच सांगितलं, अंतोन घरी परत निघाला होता, वादळात जहाज भलत्याच किनाऱ्याला लागलं, आणि तो तिकडेच राहिला. म्हणजे हा स्वतःच घरी परतला नाही! अशाला माणसं परत आणायचं काम दिलं कोणी?

११ जून

संत बर्नबा. हा आणि पौल गावोगाव धर्मप्रचार करत फिरायचे, त्यांच्यासोबतचा मार्क नावाचा पोरगा काम अर्धवट टाकून घरी पळालेला. पौल म्हणाला, पुन्हा हा नको. बर्नबा म्हणाला, मी नेतो. कडाक्याचं भांडण, दोघांच्या दोन वाटा. तरी तिघेही कॅलेंडरवर आहेत!

आईला म्हटलं, बघ, वाट वेगळी झाली म्हणून माणूस वाया जात नाही. आणि त्याच दमात सांगून टाकलं. मोबाईलचे टॉवर रंगवणाऱ्या टोळीत काम मिळालंय. तेराला निघतो. किती महिने, माहीत नाही.

"अंतोनच्या सणाला?"

"बस त्याच दिवशी आहे."

"बापासारखीच पायाला भिंगरी."

"मी बाबा नाहीये."

"ते तुझे पाय ठरवतील," म्हणाली आणि इस्त्रीवर पाणी शिंपडून बघितलं. चर्र झालं.

१२ जून

नोव्हेना संपली. रोज शेवटी आई मोठ्यानं म्हणते, 'माझा माणूस आण.' आज तिथवर आली आणि थांबली. विसरली वाटतं. आठवण करून देणार होतो, पण ओठ न हलवायचा नेम माझा.

१३ जून, बसमध्ये

मोजे काढायला पिशवीत हात घातला. मोज्यात बाळ येशू.

म्हणजे बाबांना सोडलं तिनं. आता मला घरी आणल्याशिवाय अंतोनला पोर मिळायचं नाही.

ऐक रे अंतोना. मला शोधत बसू नकोस. मी येईन तो माझ्या पायांनी येईन. याच्या नाकाला तेवढा रंग लावून आणतो.